जड विद्युत वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सची कंपन चाचणी: एका प्रयोगशाळेच्या सेवेविषयी

विद्युत ट्रक आणि बस यांच्या चॅसीवर बसणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर आमचा चमू बनवतो. ६५० व्होल्टच्या मुख्य बॅटरीतून २४ व्होल्टची वीज तयार करून ती दिवे, वायपर, ब्रेकचे नियंत्रण आणि स्टिअरिंगचा पंप यांना पुरवणे हे त्याचे काम असल्यामुळे तो बंद पडला की भरलेली बॅटरी असूनही वाहन जागच्या जागी थांबते. या कन्व्हर्टरची कंपन चाचणी आम्ही नुकतीच बाहेरच्या एका प्रयोगशाळेकडून करून घेतली आणि पहिल्या बैठकीपासून अंतिम अहवालापर्यंत सात आठवडे त्यांच्याबरोबर काम केले. करारातील गोपनीयतेच्या अटीमुळे प्रयोगशाळेचे नाव देता येत नाही. मात्र अशी सेवा निवडताना काय पाहावे हे आमच्यासारख्या इतरांना कळावे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

या प्रयोगशाळेकडे आम्ही गेलो त्यामागे एक कटू अनुभव होता. याच कन्व्हर्टरची आधीची चाचणी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी केली होती. तेथे तो तिन्ही अक्षांवर उत्तीर्ण झाला, आलेखातील रेषा मर्यादेच्या आत सरळ गेलेली होती आणि प्रमाणपत्रही वेळेवर हातात पडले. त्यानंतर काही महिन्यांतच रस्त्यावरच्या वाहनांतून बंद पडलेली एकके परत येऊ लागली. प्रत्येकात दोष एकाच जागी होता. मोठ्या इंडक्टरचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या जड भागाचा, पाय सोल्डरच्या वरच्या कडेला तडकलेला असे. चाचणीत जे एकदाही दिसले नाही ते रस्त्यावर पुन्हा पुन्हा का घडते, हे आम्हाला बरेच दिवस उलगडत नव्हते.

नव्या प्रयोगशाळेतील अभियंत्यांनी पहिल्याच बैठकीत जुन्या चाचणीची छायाचित्रे मागितली. अहवालातील आलेख त्यांनी बाजूला ठेवला आणि नियंत्रणाचा त्वरणमापक, म्हणजे ज्याच्या मोजणीवरून कंपनाची पातळी राखली जाते तो संवेदक, कोठे चिकटवला होता हे छायाचित्रात शोधले. तो फिक्श्चरच्या, म्हणजे कन्व्हर्टर यंत्रावर धरून ठेवणाऱ्या सांगाड्याच्या, पुढे आलेल्या हाताच्या टोकाला होता, आणि एकच होता. त्यांनी कागदावर मांडून दाखवलेला हिशेब असा होता: त्या हाताचा स्वतःचा अनुनाद, म्हणजे रेझोनन्स, १४० हर्ट्झच्या आसपास असेल, तर १२० हर्ट्झलाच त्याच्या टोकाचे त्वरण पायथ्यापेक्षा साडेतीन ते चार पट होते. कंट्रोलरला फक्त ते टोक दिसत असते, म्हणून टोक मर्यादेत राहावे यासाठी तो शेकरचा, म्हणजे कंपन देणाऱ्या यंत्राचा, जोर कमी करत जातो. टोकाच्या आलेखात सगळे बिनचूक दिसते, पण कन्व्हर्टरच्या पायांशी पोचणारी वर्णपटीय घनता (त्या त्या वारंवारतेला असलेली कंपनाची तीव्रता), जी त्वरणाच्या वर्गाने बदलते, ती बारा ते सोळा पट कमी झालेली असते. आमच्या इंडक्टरची नैसर्गिक वारंवारता नेमकी १२० हर्ट्झ आहे हे पुढे मोजून कळले. म्हणजे ज्या पट्ट्यात आमचा भाग सर्वांत नाजूक होता, त्याच पट्ट्यात त्याला जवळजवळ हालवलेच गेले नव्हते.

या एका बैठकीने माझे मत बनले आणि ते पुढच्या सात आठवड्यांत बदलले नाही. शेकर किती किलोन्यूटनचा आहे हे प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या माहितीपत्रकात ठळकपणे छापते, आणि आम्हीही पूर्वी तेच पाहून निवड केली होती. आमच्या कामाला लागणारा जोर मात्र फार नव्हता. १४ किलोचा कन्व्हर्टर, ३८ किलोचे फिक्श्चर, स्लिप टेबलची (आडव्या कंपनासाठीच्या सरकत्या मेजाची) पाटी आणि शेकरचे आर्मेचर (त्याचा हलणारा भाग) असे सगळे मिळून हलणारे वस्तुमान २०० किलोच्या आसपास होते. ५७.९ मीटर प्रतिसेकंद वर्ग या त्वरणाला त्यासाठी साडेअकरा किलोन्यूटनच्या जवळपास बल लागते, आणि यंत्राची क्षमता त्याच्या तिपटीहून अधिक होती. चाचणी खरी की खोटी हे फिक्श्चर, नियंत्रणबिंदू आणि नोंदी यांवर ठरते, आणि त्याबाबतीत ही प्रयोगशाळा मी आजवर पाहिलेल्या सर्व ठिकाणांपेक्षा सरस आहे.

वर दिलेला आकडा कोठून आला हेही सांगायला हवे. रस्त्यावरील वाहनांच्या विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांवरील यांत्रिक भारासाठी आयएसओ १६७५०-३ हे मानक वापरले जाते. त्यात व्यावसायिक वाहनाच्या स्प्रिंगवरील भागासाठी जी यादृच्छिक कंपन चाचणी आहे, ती १० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यात, ५७.९ मीटर प्रतिसेकंद वर्ग म्हणजे सुमारे ५.९ जी (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरण) इतक्या वर्गमध्यमूळ (आरएमएस, म्हणजे एक प्रकारची सरासरी) त्वरणाने, प्रत्येक अक्षावर ३२ तास चालते. मोटारगाडीच्या बॉडीवर बसणाऱ्या उपकरणाला हाच कालावधी ८ तासांचा असतो आणि त्वरणही निम्म्याच्या आसपास असते. विद्युत वाहनात इंजिनाचे धक्के नसतात, म्हणून त्यातील इलेक्ट्रॉनिक्सला कंपनाचा त्रास कमी, असा समज अनेक ठिकाणी ऐकू येतो. जड वाहनांच्या बाबतीत तो समज नुकसान करणारा आहे. पाट्यांच्या स्प्रिंगा, रिकाम्या ट्रकची चाकांवरची उसळी, ब्रेकसाठीचा विद्युत कॉम्प्रेसर आणि ई-ॲक्सलच्या (मोटर बसवलेल्या ॲक्सलच्या) गिअरमधून येणारी उच्च वारंवारतेची कंपने हे सगळे इंजिन गेल्यावरही उरतेच, शिवाय अशा वाहनाकडून मोटारगाडीच्या कितीतरी पट किलोमीटरची अपेक्षा असते. प्रयोगशाळेने विद्युत चालनप्रणालीसाठीचे आयएसओ १९४५३-३ हे मानकही आमच्यासमोर ठेवले, दोन्हींतील फरक समजावून सांगितला, आणि ग्राहकाच्या करारात पहिलेच मानक असल्याने तेच कायम ठेवावे असा सल्ला दिला. अधिक चाचण्या विकण्याची संधी त्यांच्याकडे होती, पण ती त्यांनी घेतली नाही.

फिक्श्चरसाठी त्यांनी आमच्याकडून कन्व्हर्टरचे त्रिमितीय चित्र, वस्तुमान, गुरुत्वमध्य आणि वाहनातील ब्रॅकेटच्या बोल्टांचा टॉर्क मागितला. ॲल्युमिनियमच्या जाड ठोकळ्यातून कोरलेले, कोठेही पुढे न आलेले फिक्श्चर दहा दिवसांत तयार झाले. कन्व्हर्टर बसवण्याआधी त्यांनी नुसते रिकामे फिक्श्चर शेकरवर चढवले आणि ०.५ जी इतक्या कमी पातळीवर १० ते २००० हर्ट्झचा साइन स्वीप, म्हणजे वारंवारता सलग बदलत नेणारे कंपन, घेतला. उभ्या अक्षात त्याचा पहिला अनुनाद ६४० हर्ट्झला आला. या आकाराच्या फिक्श्चरमध्ये २००० हर्ट्झपर्यंत एकही अनुनाद नसणे शक्य नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. म्हणून नियंत्रणासाठी चार पायांजवळ चार त्वरणमापक बसवून त्यांची सरासरी घेतली, आणि ६४० हर्ट्झच्या आसपास प्रत्येक पायाला प्रत्यक्षात किती मिळाले याचा स्वतंत्र आलेख अहवालात जोडला. मर्यादा अधिक-उणे ३ डेसिबलची होती. ३ डेसिबल म्हणजे घनतेत दुपटीचा फरक, हे अहवाल वाचणाऱ्या पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. येथे पट्ट्याच्या मोठ्या भागात विचलन १ डेसिबलच्या आतच राहिले.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटला. कन्व्हर्टरचे झाकण काढून, एक ग्रॅमहूनही हलका असा एक लहानसा त्वरणमापक त्यांनी थेट इंडक्टरच्या माथ्यावर चिकटवला. मापक जड असेल तर मोजायची वारंवारताच त्याच्या वजनाने खाली ओढली जाते, म्हणून तो इतका हलका. स्वीपमध्ये १२० हर्ट्झला शिखर आले आणि त्या शिखरावर पायथ्याचे त्वरण बारा पटींनी वाढत होते. मानकाच्या आलेखात १२० हर्ट्झची घनता वाचली आणि एका अनुनादाच्या नेहमीच्या माइल्सच्या सूत्रात ती घातली, की इंडक्टरच्या माथ्यावर सुमारे ७१ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतके वर्गमध्यमूळ त्वरण येते. त्याचे विस्थापन सुमारे ०.१२५ मिलिमीटर आणि तिप्पट शिखर धरले तर ०.३८ मिलिमीटर. तांब्याचे जाड पाय पीसीबीत सोल्डर केलेले, वर भरीव ठोकळा, आणि तो दर सेकंदाला १२० वेळा इतका झुलतो, हे चित्र डोळ्यांसमोर आल्यावर पाय का तडकतात हे वेगळे विचारावे लागले नाही.

मूळ रचनेतच बदल करायचा की आधी दोष चाचणीत पुन्हा उभा करायचा, यावर आमच्यात चर्चा झाली. प्रयोगशाळेने दुसऱ्या मार्गाचा आग्रह धरला, कारण जी चाचणी रस्त्यावरचा दोष दाखवू शकत नाही तिने दिलेल्या उत्तीर्णतेला आधार राहत नाही. त्याप्रमाणे जुन्या रचनेचे एकक उभ्या अक्षात लावले. ३२ तासांतील तापमानाचे चक्र ८ तासांचे, असे चार वेळा, आणि चक्रात उणे ४० अंशांपासून आमच्या कमाल तापमानापर्यंतचा प्रवास. कन्व्हर्टर चालू स्थितीत होता आणि त्याच्या २४ व्होल्टच्या आउटपुटवर जलद नोंदयंत्र सतत लक्ष ठेवून होते.

नवव्या तासाला, पहाटे, आउटपुटमध्ये अगदी सूक्ष्म काळाची एक खाच आली. तुटलेला पाय कंपनात पुन्हा टेकत असल्याने वीज लगेच पूर्ववत होत होती, आणि साध्या मीटरवर यातले काहीही दिसले नसते. रात्रपाळीच्या तंत्रज्ञाने शेकर थांबवला, नोंद जतन केली आणि मला फोन केला. एकक त्याने उघडले नाही, बोल्टही सैल केले नाहीत. आम्ही पोचल्यावर सर्वांत आधी कमी पातळीचा स्वीप पुन्हा घेतला, तेव्हा १२० हर्ट्झचे शिखर १०४ हर्ट्झवर उतरलेले होते. वारंवारता ताठरपणाच्या वर्गमुळाने बदलते, म्हणजे जोडाचा ताठरपणा जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटला होता. झाकण उघडले तेव्हा चारपैकी दोन पाय सोल्डरच्या कडेला केसाएवढ्या रेषेने तडकलेले दिसले, परत आलेल्या एककांमध्ये दिसत होते अगदी तसेच. शिवाय मानकाच्या आलेखाला त्या भागात उतार असल्यामुळे शिखर १०४ हर्ट्झला आल्यावर तेथील घनता १२० हर्ट्झपेक्षा एक तृतीयांशाने अधिक मिळते. तडा जसजसा वाढतो तसतसा भाग अधिक कंपनाकडे सरकतो आणि आणखी वेगाने तडकतो. रस्त्यावर एकके इतक्या अचानक का बंद पडत होती, हे त्या सकाळी आम्हाला समजले.

आम्ही इंडक्टरभोवती ॲल्युमिनियमचा कंस घालून तो थेट कवचाला आवळला आणि मध्ये सिलिकोन भरले. नवी वारंवारता २१० हर्ट्झ आली, आणि शिखर बारावरून दहा पटींवर आले. त्वरण फारसे घटले नाही, ७१ वरून ५७ पर्यंतच आले. विस्थापन मात्र ०.१२५ वरून ०.०३३ मिलिमीटरवर, म्हणजे जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर गेले, आणि सोल्डरचा थकवा विस्थापनावर अवलंबून असतो. ही रचना तिन्ही अक्षांवर मिळून ९६ तास चालली. प्रत्येक अक्षानंतर घेतलेल्या स्वीपमध्ये शिखर ३ टक्क्यांहून अधिक हलले नाही.

बारीक कामातली त्यांची शिस्तही नोंदवण्यासारखी आहे. उच्च व्होल्टेजची केबल आणि शीतकाची नळी या दोन्हींना स्वतःचा ताठरपणा व वजन असते, त्यामुळे त्या नुसत्या लोंबत सोडल्या तर कन्व्हर्टरला ओढतात आणि फार जवळ आवळल्या तर आधार देतात. येथे त्यांची पहिली पकड वाहनात जेवढ्या अंतरावर असते तेवढ्याच अंतरावर फिक्श्चरवर दिली आणि त्यापुढे मोकळा वळसा सोडला. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पृष्ठभागापर्यंत पिवळ्या रंगाची सरळ रेष ओढलेली होती. दुसऱ्या अक्षाच्या शेवटी एका जोडबसबारच्या (वीज नेणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) स्क्रूवरची रेष किंचित तुटलेली दिसली, म्हणजे स्क्रू फिरू लागला होता. टॉर्क मोजल्यावर तो घटलेला निघाला. कार्यात ती चूक कोठेच दिसत नव्हती, त्या रंगाच्या रेषेनेच ती पकडली, आणि आम्ही तेथे आता खाचेचे वॉशर घालतो. प्रत्येक अक्षानंतर ५०० व्होल्टवर इन्सुलेशनचा रोधही मोजला गेला. उच्च व्होल्टेज चालू असताना शेकरच्या खोलीचे दार उघडले की पुरवठा आपोआप तुटतो, याची खात्री त्यांनी पहिल्या दिवशी आमच्यासमोर करून दाखवली.

उणिवाही आहेत, आणि त्या लहान नाहीत. पहिली म्हणजे प्रतीक्षा. यंत्रावर जागा मिळायला आम्हाला बराच काळ थांबावे लागले, आणि रचनेत बदल केल्यानंतरची दुसरी तारीख आधीच राखून ठेवली नसती तर तेवढाच काळ पुन्हा गेला असता. दुसरी, तापमानकक्ष. उभ्या अक्षात तो चांगला चालतो, पण स्लिप टेबलवर आडव्या अक्षासाठी बसवल्यावर त्याच्या तळाशी फट राहते. उणे ४० अंशांना तेथे हिम साचत होते, आणि कक्ष खाली उतरायला ठरल्यापेक्षा अधिक वेळ घेत होता. त्यांनी चक्र लांबवून भरपाई केली आणि ते अहवालात प्रामाणिकपणे लिहिले. तरीही वितळलेले पाणी कनेक्टरपाशी पोचेल की काय, ही काळजी आम्हाला प्रत्येक चक्रात होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोरडी हवा सोडायला सुरुवात केली. ती पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

तिसरी उणीव आमच्यासारख्यांसाठी सर्वांत महत्त्वाची आहे. त्यांच्याकडील उच्च व्होल्टेजचा स्रोत आणि भार यांची क्षमता अपुरी असल्यामुळे कन्व्हर्टर पूर्ण भारावर चालवता आला नाही, ४० टक्क्यांवरच चालला. पूर्ण भारावर इंडक्टर अधिक तापतो, सिलिकोन मऊ होते आणि वारंवारता काही प्रमाणात उतरते. ही घट किती हे आम्ही आमच्या जागी एकक तापवून, लहान हातोडीच्या ठोक्याने मोजून घेतले, पण ते प्रयोगशाळेतच व्हायला हवे होते. जड वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सची चाचणी करतो असे म्हणणाऱ्या सेवेने मोठ्या क्षमतेच्या वीजस्रोतावर खर्च करणे आता आवश्यक आहे.

अहवाल ठरल्यापेक्षा नऊ दिवस उशिरा आला. पहिल्या प्रतीत आलेख केवळ चित्रांच्या रूपात होते. आकड्यांच्या मूळ फायली मागाव्या लागल्या, पण मागितल्यावर तक्रार न करता सगळ्या दिल्या, प्रतिसादाच्या मापकांच्या आणि थांबवण्याच्या क्षणाच्या नोंदींसह. अहवालाचा मजकूर मात्र उत्तम आहे. कोणता मापक कोठे होता, त्याचे कॅलिब्रेशन कधीचे, मर्यादेबाहेर कोठे आणि किती गेले, चक्र कोठे लांबवले, हे सगळे छायाचित्रांसह त्यात आहे. आमच्या ग्राहकाच्या तपासनिसाने एकाच बैठकीत तो स्वीकारला.

बॅटरीवाल्यांसाठी एक गोष्ट येथे नोंदवतो, कारण तिच्यावरून होणारा गोंधळ मी त्या सात आठवड्यांत दोनदा पाहिला. युएन ३८.३ या संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी-नियमांतील कंपन चाचणी, ज्यात ७ ते २०० हर्ट्झचा साइन स्वीप १५ मिनिटांचा असतो आणि तो प्रत्येक अक्षावर १२ वेळा म्हणजे ३ तास होतो, ती बॅटरीच्या वाहतुकीच्या सुरक्षेसाठी आहे. ती उत्तीर्ण झाल्याने ट्रकच्या चॅसीवरचे आयुष्य सिद्ध होत नाही. या प्रयोगशाळेत सेलसहित बॅटरी पॅकसाठी आगीपासून सुरक्षित खोली नाही, त्यामुळे पॅक घेऊन येथे जाऊ नये. कन्व्हर्टर, चार्जर, जंक्शन बॉक्स, बॅटरी व्यवस्थापनाची सेलविरहित एकके आणि ५० किलोंपर्यंतचे इन्व्हर्टर यांच्यासाठी मात्र मी ही सेवा निःसंकोच सुचवीन. त्यांच्याकडे जाताना पूर्ण भाराची सोय आपली आपण करावी, आडव्या अक्षात कोरड्या हवेची अट लेखी घालावी आणि दोन तारखा एकदमच राखून ठेवाव्यात. ई-ॲक्सलवर बसणाऱ्या आमच्या पुढच्या इन्व्हर्टरसाठी आम्ही त्यांच्याच दोन तारखा घेतल्या आहेत, आणि या वेळी वीजस्रोत आमच्याकडून जाणार आहे.